स्लॅब गळून राहिली, कुलरला करंट, मालक ऐकत नाही आणि घर सोडायचा खर्च पाहून हातपाय गार पडले (मानेवाडा, नागपूर)

दोन_खोल्या_किचन
११ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार सगळ्यांना. खूप दिवसांपासून नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहून राहिले, लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आम्ही मानेवाडा रिंग रोडच्या आतल्या एका लेआउटमध्ये किरायाने राहतो, चार वर्षं झाली. दोन खोल्या किचन, सगळ्यात वरचा मजला, किराया ९,०००, डिपॉझिट १८,००० दिलेलं. मिस्टर बुटीबोरीला कंपनीत शिफ्टमध्ये, मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. सासूबाई आहेत, मुलगी तिसरीत, मुलगा अजून बालवाडीत.

पहिल्या पावसाळ्यात कोपऱ्यात नुसती ओल होती. दुसऱ्या वर्षी पोपडे पडायला लागले. मागच्या वर्षी मालकाने एक माणूस पाठवला, त्याने गच्चीवर डांबरासारखं काळं काहीतरी फासलं आणि गेला, पहिल्याच मोठ्या पावसात ते सोलून निघालं. ह्या वर्षी बेडवर परात आणि गंज-पातेली ठेवून झोपतो आम्ही. आणि परवा रात्री अडीचच्या सुमारास धप्पकन आवाज झाला, उठून लाइट लावला तर छताचा ताटाएवढा तुकडा खाली, मुलीच्या उशीपासून वीतभर अंतरावर. वर सळई दिसते, लाल गंजलेली. तेव्हापासून सगळेच हॉलमध्ये खाली गादी टाकून झोपतो, मिस्टर नाइटला असतात तेव्हा मी झोपतच नाही म्हटलं तरी चालेल.

दुसरी गोष्ट. मे महिन्यात सासूबाई कुलरमध्ये पाणी भरत होत्या आणि असा झटका बसला की त्या मागे भिंतीवर फेकल्या गेल्या. हात दोन दिवस बधिर होता. मालकाला फोन केला तर म्हणाले चप्पल घालून भरत जा ना पाणी, सगळ्यांच्याच कुलरला थोडाफार करंट येतो. हे वाक्य मी विसरू शकत नाही. त्यांची स्वतःची आई असती तर असं म्हणाले असते का.

मालक लांबचे नाहीत, प्रतापनगरला राहतात. किराया घ्यायला पाच तारखेला बरोबर येतात, रोख घेतात, पावती नाही. छताचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकले की निळी टिक दिसते, उत्तर नाही. अॅग्रीमेंट पहिल्या वर्षी नोटरी केलेलं ११ महिन्यांचं, नंतर काहीच नाही, तोंडी.

सगळे म्हणतात सोडून द्या. मी पण तेच म्हणते पण काल वही घेऊन बसले. ह्याच भागात मधल्या मजल्यावरचं धड घर १२,५०० च्या खाली मिळून नाही राहिलं. दोन महिन्यांचं डिपॉझिट २५,०००, पहिल्या महिन्याचा किराया १२,५००, ब्रोकरचा एक महिना १२,५००, छोटा हत्तीच्या दोन फेऱ्या ३,६००, हमाल चार जण २,४००, आरओ, डिश, गीझर काढून बसवायचे, इंटरनेट हलवायचं हे धरा २,५००. झाले ५८,५००. मिस्टरांचा पगार २४,००० आहे. जुनं डिपॉझिट मिळेल त्यात म्हणाल, तर खालच्या मजल्यावरचे आधीचे लोक गेले तेव्हा मालकाने रंगाचे, नळाचे, कशाचे कशाचे कापून १८,००० तले ७,००० हातावर ठेवले. आणि मुलगी आता शाळेत चालत जाते, लांब गेलो की व्हॅन लागली.

मला वाटते मालकाला हे सगळं माहीत आहे. आम्ही जाऊ शकत नाही हे त्याला माहीत आहे म्हणूनच तो छत करत नाही.

काय करू? भांडू की सोडू? कायद्याने काही होते का खरंच?

वायरमन_२२वर्षे
१२ जुलै, सकाळी ६:५५

ताई बाकीचं नंतर, आधी करंटचं वाचा.

तुमच्या घरात अर्थिंग नाही. सॉकेट तीन भोकाचं असेल पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच जोडलेली नसेल, जुन्या लेआउटमधल्या निम्म्या घरात मी हेच पाहतो. कुलरची बॉडी लोखंडी, पंप पाण्यात, पंपाचं इन्सुलेशन गेलं की करंट बॉडीवर येते, अर्थिंग असलं तर तो जमिनीत जातो, नसलं तर माणसाच्या हाताची वाट पाहत बसतो. ओली चप्पल काही वाचवत नाही. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं जातात, पेपरात येते, आपण वाचून पान उलटतो.

आज काय करा: पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन बाहेर काढा. कित्येक घरात कोणीतरी अर्धवट माणसाने स्विच न्यूट्रलवर टाकलेला असतो, बटण बंद दिसते पण आत फेज जिवंतच असते. आणि मेनला आरसीसीबी बसवून घ्या, ३० मिलिॲम्पिअरचा. माणसातून करंट जायला लागला की तो क्षणात ट्रिप होतो, अर्थिंग नसलं तरी. मजुरीसकट दोन-अडीच हजारात होते. अर्थिंगचा खड्डा वेगळा, पाच हजाराच्या आसपास, तो मालकाचा खर्च आहे, पण आरसीसीबी मालकाची वाट पाहत थांबू नका.

अजून एक, छत गळते तिथे पंख्याच्या हुकातून पाणी टपकते का? टपकत असेल तर त्या खोलीचा एमसीबी (मेन बोर्डातला स्विच) पाडूनच ठेवा. पाणी पाइपातून थेट बोर्डात उतरते.

सक्करदरा_तळ
१२ जुलै, सकाळी ९:१०

वायरमन भाऊंनी लिहिलं ते आधी करा ताई. आणि त्या बेडरूममध्ये दिवसासुद्धा मुलांना खेळू देऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर आम्ही मागच्या वर्षी नंदनवनहून इकडे आलो, तुमच्या हिशोबात काही गोष्टी सुटल्या म्हणून सांगून देते म्हणजे नंतर धक्का नको. गोदरेजचं कपाट हमाल वेगळं मोजतात, जिन्याने वर न्यायचं असलं तर प्रत्येक मजल्याचे पैसे वेगळे, आणि हे ते सामान गाडीत चढवून झाल्यावर सांगतात म्हणून आधीच कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, शिलाई मशीन सगळं नाव घेऊन घेऊन ठरवा. नवीन घरात परदे जुन्या मापाचे बसत नाहीत, ट्यूबलाइट पंखे कित्येक मालकांनी काढून नेलेले असतात, गॅसची नळी पुरत नाही, शेगडीचा ओटा उलट्या बाजूला असतो, पहिल्या आठवड्यात हात सारखा पाकिटात जातो, आमचे असेच साडेचार-पाच हजार गेले असतील. आणि तुमचं शिवणकाम आहे, ते तर मी सगळ्यात आधी मोजीन, तुमचं गिऱ्हाईक त्या गल्लीतलं आहे, चार गल्ल्या दूर गेलात की निम्म्या बाया येत नाहीत. ते नुकसान कोणी वहीत लिहित नाही.

पण एक सांगू, पितृपक्षात घरं सोडणारे आणि घेणारे दोन्ही कमी असतात, तेव्हा ब्रोकर आणि गाडीवाले दोन्ही नरम असतात. आम्ही तेव्हाच शिफ्ट केलं, सासरे नाराज होते, पण गाडी १,२०० त आली.

नंदनवन_चारजण
१२ जुलै, दुपारी १:२०

आम्ही चार पोट्टे एका खोलीत राहतो, आमच्या मालकाने पण डिपॉझिट कापलं होतं. आता नवीन ठिकाणी आलो तेव्हा पहिल्याच दिवशी पूर्ण घराचा व्हिडिओ काढला, प्रत्येक भिंत, प्रत्येक नळ, आणि मालकाला पाठवून दिला की अंकल हे असं मिळालं आम्हाला. ताई तुम्ही आता पण काढून ठेवा.

काटोलवाला
१२ जुलै, दुपारी ३:४५

ताई माह्यं ऐका. मालकासंगं भांडून कोनाचं भलं झालं नाही. मी दहा वर्सांत सहा घरं बदलली नागपुरात. भांडलं का तो पानी बंद करते, मोटरीले कुलूप लावते, रात्री गेटले कुलूप लावते. तुमचा नवरा नाइटले जाते, घरी म्हातारी अन् लेकरं. कशाले पायजे हे? कर्ज काढा पन सोडा. पैसा येते वापस, लेकराच्या डोक्यावर पडलं तं काय करान.

वकिली_सिव्हिल_लाइन्स
१२ जुलै, रात्री १०:०५

काटोलवाले भाऊंची काळजी खरी आहे, पण पाणी बंद करायची भीती आहे म्हणून छत अंगावर घ्यायचं हे मला पटत नाही. जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याआधी विदर्भात सीपी अँड बेरारचा १९४९ चा आदेश चालायचा, भाडेकरूला नोटीस द्यायला सुद्धा मालकाला रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची, म्हणून जुनी माणसं अजून म्हणतात कंट्रोलरकडे जा. ते आता नाही. आता अशी प्रकरणं नागपुरात स्मॉल कॉजेस कोर्टात जातात.

ह्या कायद्याचं कलम १४ तुमच्यासाठी आहे. करारात उलट काही लिहिलेलं नसेल तर घर राहण्यालायक दुरुस्त ठेवणं हे मालकाचं काम. त्याने केलं नाही तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची, एकट्याने किंवा बिल्डिंगमधल्या भाडेकरूंनी मिळून. तरीही नाही केलं तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च किरायातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. तुमचा किराया वर्षाचा १,०८,००० होतो, म्हणजे २७,००० पर्यंत.

आता इथे एक गोम आहे आणि ती लोक सांगत नाहीत. हे कलम "भाडेकरू" साठी आहे. आजकाल सगळीकडे लिव्ह अँड लायसन्स (नुसती राहायची परवानगी) करतात, त्यात राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, त्याला हे कलम सरळ लावता येत नाही, करारात दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय त्यावर सगळं. म्हणून तुमच्या त्या जुन्या नोटरीच्या कागदावर मथळा काय आहे ते पाहून सांगा.

११ महिन्यांची पण एक गंमत लोकांच्या डोक्यात बसली आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या वरचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो म्हणून ११ महिने करायची पद्धत पडली. पण महाराष्ट्रात ह्याच भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, लेखी आणि रजिस्टर करावाच लागतो, महिन्यांचा प्रश्नच नाही, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रजिस्टर कागद नसेल तर अटी काय ठरल्या होत्या ह्याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. खर्च फार नाही हो, लिव्ह अँड लायसन्सचा कागद असेल तर तुमच्या किरायाला ११ महिन्यांचं मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने अडीचशेच्या घरात येते, नोंदणी फी शहरात १,०००, घरबसल्या आधारच्या अंगठ्यावर होते, एजंट घेतला तर त्याचे वेगळे.

पावती देणं पण मालकाला बंधनकारक आहे, कलम ३१. पुढच्या महिन्यापासून रोख देऊ नका, यूपीआयने द्या आणि शेऱ्यात महिना लिहा.

पाणी, वीज, जिन्यातला लाइट मुद्दाम तोडणं हा कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे. आणि मोफत वकील पाहिजे असेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा नंबर, महिलांना उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या कायद्यातच आहे ते. ताई तुम्ही नोटीस तुमच्या नावाने करा.

दोन_खोल्या_किचन
१३ जुलै, दुपारी २:३०

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, वाचून रडूच आलं. काल संध्याकाळीच वायरमन बोलावला, आरसीसीबी बसवला, २,३०० लागले. तो म्हणाला अर्थिंगची वायर मीटरपर्यंत येऊन नुसती लोंबकळत आहे, खड्डाच नाही. हे मी शूट करून ठेवलं. पंख्याच्या हुकातून थेंब पडतात, हो. तो एमसीबी पाडला.

कागदावर "भाडेपत्र" लिहिलंय. दुरुस्तीबद्दल एकच ओळ, किरकोळ दुरुस्ती भाडेकरू करेल.

खालच्या दोन्ही घरांशी बोलले. मधल्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमचं छत पण गळते, त्या सही करायला तयार आहेत. तळमजल्यावर नवीन जोडपं आहे, ते घाबरतात, मालकाने काढलं तर कुठे जायचं म्हणतात.

वकिलीताई, डिपॉझिट अडकू नये म्हणून शेवटचे दोन महिने किराया दिलाच नाही तर? सगळे असंच सांगतात.

वकिली_सिव्हिल_लाइन्स
१३ जुलै, रात्री ९:४०

भाडेपत्र असेल तर उत्तम. छताची सळई दिसणं हे किरकोळ नाही, त्यामुळे त्या ओळीची चिंता नको.

किराया थांबवू नका. हे मी हात जोडून सांगते. किराया थकला की सगळी केस उलटी फिरते, मालकाला घर खाली करून घ्यायला आयतं कारण मिळते. लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी तर मुदत संपल्यावर बसून राहूच नये, कलम २४ प्रमाणे दुप्पट रक्कम नुकसानभरपाई लागू शकते. किराया वेळेवर, भांडण कागदावर.

दहा_नंबर_पुलिया
१४ जुलै, सकाळी ११:१५

सोडा सोडा म्हणणाऱ्यांना एक सांगायचं आहे. घर शोधायचा खर्च सगळ्यांना सारखा नसतो.

मी इंदोऱ्याचा, नोकरी मिहानला, म्हणून खामला, मनीषनगर, बेसा ह्या बाजूला घर पाहत होतो. मेट्रोने जाता येईल एवढंच डोक्यात. फोनवर सगळं ठरते, किराया ठरते, चावी कुठे आहे ते पण सांगतात, आणि मग विचारतात आडनाव काय. त्यानंतर घर अचानक कोणातरी पाहुण्याला दिलेलं असते. अकरा घरं अशी गेली माझी, बायकोने मोजली होती. माझा मोमिनपुऱ्याचा एक मित्र आहे त्याला तर आडनाव विचारायच्या टप्प्यापर्यंत पण कोणी येऊ देत नाही. नॉनव्हेज चालणार नाही म्हणतात, त्याचा अर्थ आम्हाला समजते.

मग शेवटी जो देते त्याच्याकडे आपण ओल, करंट, गळकं छत काहीच बोलत नाही. कारण पुन्हा ते अकरा फोन करायची ताकद नसते. दोन वर्षं मी वेगळं सरकारी मीटर नसलेल्या घरात १२ रुपये युनिटने पैसे दिले आणि एकदा पण विचारलं नाही की बिल दाखवा. ताई तुम्ही लिहिलं ना की मालकाला माहीत आहे आम्ही जाऊ शकत नाही, ते वाचून मी खूप वेळ तसाच बसलो होतो.

तळमजल्यावरच्या त्या जोडप्याला जबरदस्ती करू नका. त्यांचं काय कारण असेल ते आपल्याला माहीत नाही.

दोन_खोल्या_किचन
१४ जुलै, दुपारी १२:०२

दादा, तुमचं बरोबर आहे. मी परत नाही विचारणार त्यांना. आणि हे लिहिल्याबद्दल खरंच आभार, मी ह्या बाजूने कधी विचारच केला नव्हता.

निवृत्त_मास्तर
१४ जुलै, सायंकाळी ७:३०

मी घरमालक आहे, त्रिमूर्तीनगरला वर दोन खोल्या किरायाने देतो, ७,५०० घेतो. माझी बाजू म्हणून नाही, पण मालक छत का करत नाही ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या भाडेकरूच्या खोलीत असंच झालं. मिस्त्री बोलावला, त्याने दाखवलं की सळई गंजली की फुगते आणि आतून सिमेंट ढकलून पाडते, म्हणून नुसता खालून गिलावा करून काही होत नाही, महिन्या दोन महिन्यांत तोच तुकडा पुन्हा पडतो. आधी वरून पाणी बंद करावं लागते. जुना कोबा (गच्चीवरचा थर) फोडा, उतार नीट काढा, विटांचे तुकडे घालून नवीन कोबा, वर चायना मोझॅक (फुटक्या टाइलचे तुकडे), मग खालून गंज घासून, केमिकल लावून पॅच. कोटेशन ६४,००० चं आलं. म्हणजे माझा साडेआठ महिन्यांचा किराया. पेन्शनमधून केलं, दोन हप्त्यांत. हातात पैसे नसतात हे काही मालकांचं खरं असते.

पण चप्पल घालून पाणी भरा हे बोलणं पैशाच्या अडचणीतून येत नाही. अर्थिंगला पाच हजार लागतात. तेवढे त्याच्याकडे आहेत, दर महिन्याला तुम्हीच ९,००० नेऊन देता.

आणि त्यालाही एक सांगा, स्लॅब आज केली तर ६०-७० हजार, आणखी तीन पावसाळे गेले तर स्लॅबच पाडावी लागेल. घर त्याचं आहे. मालकाला कधीकधी भाडेकरूच्या जिवापेक्षा घराची किंमत लवकर समजते, वाईट वाटते लिहायला पण आहे तसं.

मिस्त्रीचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो. उन्हाळ्यात काम केलेलं टिकते, पावसात फक्त ताडपत्री टाकून तात्पुरतं होईल.

बुटीबोरी_शिफ्ट
१५ जुलै, पहाटे ५:१०

महापालिकेच्या झोन ऑफिसला पण तक्रार करता येते, महापालिका कायद्यात धोकादायक बांधकामाचं कलम २६४ आहे, इंजिनिअर पाहून मालकाला नोटीस देतो. पण विचार करूनच करा. आमच्या चाळीत केली होती तर नोटीस आली ती पूर्ण घर रिकामं करायची, आणि मग सगळेच रस्त्यावर. ते शेवटचं हत्यार ठेवा.

तुमचे मिस्टर माझ्याच बसमध्ये असतील कदाचित. नाइटला असताना काही लागलं तर इथे लिहा, माझी बायको अयोध्यानगरला आहे, दहा मिनिटांत येईल.

दोन_खोल्या_किचन
९ ऑगस्ट, रात्री १०:५०

काय काय झालं ते सांगते.

नोटीस मी आणि काकू दोघींनी सही करून १७ जुलैला स्पीड पोस्टाने पाठवली, पोचपावतीसह. वकील केला नाही, वकिलीताईंनी निरोपात मसुदा पाहून दिला. फोटो, तारखा, आधीच्या मेसेजच्या प्रिंट सगळं जोडलं. कुलरचं वेगळं लिहिलं, सासूबाईंना झटका बसला ती तारीख पण.

२० तारखेला मालक आले ते ओरडतच. चार वर्षं पोरीसारखं ठेवलं आणि नोटीस पाठवता, महिन्याभरात खाली करा. मी थरथरत होते पण मिस्टर घरी होते, ते एवढंच म्हणाले की काका, लेखी द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरच्या खोलीला कुलूप. काटोलवाले भाऊ, तुम्ही म्हणाला होता तसंच झालं अगदी. दोन दिवस तळमजल्यावरच्या त्या मुलीने, जिने सही केली नव्हती, तिने आमच्यासाठी बाहेरच्या नळावरून बादल्या भरून जिन्यात आणून ठेवल्या. मी तिला काही म्हटलं नव्हतं.

कुलपाचा व्हिडिओ काढला आणि कलम २९ लिहून मालकाला मेसेज पाठवला, की सोमवारी विधी सेवाला जाऊन कोर्टात अर्ज करते. रविवारी संध्याकाळी कुलूप निघालं. कोणी काही बोललं नाही.

नंतर त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. त्याला काहीच माहीत नव्हतं म्हणे. मी छताचा फोटो पाठवला, मुलीच्या उशीचा पण. तो बराच वेळ गप्प होता. मास्तरकाकांचं ते तीन पावसाळ्यांचं मी जसंच्या तसं सांगितलं त्याला.

मागच्या आठवड्यात अर्थिंगचा खड्डा झाला, तिन्ही मजल्यांना वायर जोडली. वायरमन दादांनी सांगितलं होतं तसं चेक करून घेतलं. गच्चीवर ताडपत्री टाकली. गळणं बंद नाही पण परात रोज भरत नाही आता.

वायरमन_२२वर्षे
१० ऑगस्ट, सकाळी ७:०५

अर्थिंग झालं वाचून फार बरं वाटलं ताई. उन्हाळ्यात खड्ड्यात महिन्यातून एकदा दोन बादल्या पाणी टाकत जा, माती कोरडी पडली की अर्थिंग काम करत नाही. आणि आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं, पडला पाहिजे.

काटोलवाला
१० ऑगस्ट, दुपारी १२:३०

ताई मी चुकीचं सांगितलं होतं असं नाही म्हनत, पन तुम्ही केलं ते मले कधी जमलं नाही. सहा घरं सोडली मी, एकाही मालकाले कागद नाही देला.

सक्करदरा_तळ
१० ऑगस्ट, दुपारी ४:१५

त्या तळमजल्याच्या मुलीला माझ्याकडून पण सांगा. डोळ्यात पाणी आलं.

दोन_खोल्या_किचन
२८ सप्टेंबर, रात्री ९:२०

शेवटचं कळवते, म्हणजे सध्यापुरतं तरी.

मालकाच्या मुलाने मिस्त्री आणून कोटेशन घेतलं, ५८,००० आलं. पाऊस गेल्यावर गच्चीचं काम तो करणार, हे आता लेखी आहे, कारण अॅग्रीमेंट रजिस्टर केलं आम्ही. किराया १०,५०० मागत होते, १०,००० वर ठरला. म्हणजे महिन्याला हजार वाढले. हे मला लागलं, खोटं कशाला सांगू, आपल्याच हक्काचं छत आणि वरून हजार जास्त. पण ५८,५०० एकदम उभे करण्यापेक्षा हे झेपणारं आहे. वकिलीताईंनी कागद दोनदा परत पाठवला, एकदा मोठी दुरुस्ती मालकाची हे टाकायला, आणि एकदा डिपॉझिट चावी दिल्याच्या दिवशीच परत, कापायचं असेल तर बिल दाखवून, हे टाकायला. किराया आता यूपीआयने.

आम्ही इथे राहणार नाही पण. मुलीची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये होते, तोवर थांबतो. बँकेत आरडी उघडली, ३,००० महिना, माझ्या शिलाईच्या पैशातून. एप्रिलपर्यंत एकवीस हजार होतात, १८,००० डिपॉझिट परत आलं तर ब्रोकर सोडून बाकी बरंचसं जमते. गच्चीचं काम झालं तरी त्या खोलीत मुलीला झोपायला भीती वाटते, ती अजून हॉलमध्येच झोपते, आणि झोपायच्या आधी वर पाहते.

ब्रोकरचे पैसे वाचवायचे आहेत म्हणून इथेच विचारते. मेडिकल चौक ते तुकडोजी पुतळा चौक ह्या पट्ट्यात, किंवा हनुमाननगरला, तळमजला किंवा मधला मजला, दोन खोल्या किचन, अकरा हजारापर्यंत, एप्रिलच्या शेवटी रिकामं होणार असेल असं घर कोणाच्या पाहण्यात असलं तर सांगा. शिलाई मशीनला खिडकीजवळ जागा पाहिजे. पाहायला येताना वायरमनला सोबत आणीन, मालकांना तेवढं आधी सांगून ठेवा. आणि दहा_नंबर_पुलिया दादा, तुम्हाला मिहानच्या बाजूला अजून घर मिळालं नसेल तर काकूंच्या भावाची मनीषनगरला वरची जागा रिकामी होते आहे दिवाळीनंतर, मी त्यांच्याशी सगळं मोकळं बोलून घेतलं आहे, ते आडनाव विचारणार नाहीत. निरोपात पत्ता पाठवला आहे.

दहा_नंबर_पुलिया
२८ सप्टेंबर, रात्री ११:४८

मिळाला ताई. रविवारी बायकोला घेऊन पाहून येतो.